पाच की शून्य?

रमजानच्या एका दुपारी तिसरीतल्या लेकीला आम्ही कुरआन शरीफमधली आयतुल कुर्सी दाखवली. शेवटी छापलेला आकडा तिने वाचला आणि म्हणाली, "अम्मी, ही तर दोनशेवी आयत!" आयत होती २५५वी. पण तिचे तरी काय चुकले? अरबी छपाईतला पाच गोल असतो, हुबेहूब मराठी शून्यासारखा. अरबीतले शून्य म्हणजे नुसता टिंब.

पुढे रोज्यांची आयत आली, सूरह बकराची १८३वी. मजकूर उजवीकडून वाचायचा म्हणून तिने आकडाही उजवीकडून वाचला, ३८१. या सूरहमध्ये आयतीच २८६ आहेत! मग सांगावे लागले, की अक्षरे उजवीकडून वाचली तरी शतक डावीकडेच असते, एकक उजवीकडेच. मराठीत तसेच, उर्दूत तसेच, अरबीतही तसेच.

बोलताना मात्र गंमत होते. आपण लिहितो आधी दोन मग सात, आणि म्हणतो सत्तावीस; सात आधी, वीस नंतर. उर्दूतला सत्ताईस तसाच, आणि अरबीत तर सरळ 'सात आणि वीस'. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आम्हीही तेव्हा हसलो होतो. आता मुलीने सत्तावीस ऐकून ७२ लिहिलेले पाहिले, की ते हसणे आठवते. त्यात एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. ऐकू येतो तीस, लिहायचे २९. अल्लाहची नावे मात्र नव्याण्णव, तिथे 'एकोणशंभर' म्हणत नाहीत. मुलांनी करायचे काय?

दादीने उपाय काढला तसबीहचा. ३३ वेळा सुब्हानल्लाह म्हणायचे, तर दोन्ही तीन सारखेच का? दादीने तीन मणी बाजूला सरकवले. हा उजवीकडचा तीन. मग दहा-दहाचे तीन गट मोजले. हा डावीकडचा. पुस्तकात याला दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत म्हणतात. पुस्तकातल्या व्याख्येने जे झाले नाही ते मण्यांनी पाच मिनिटांत झाले.

राहिले शून्य. उर्दूत त्याला सिफर म्हणतात, अरबीत त्याचा अर्थ रिकामे. बगदादचे अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात हिंदी अंकांच्या या हिशोबावर पुस्तक लिहिले. रिकामी जागासुद्धा लिहून दाखवायची, ही या पद्धतीची खरी करामत.

ती करामत आम्हाला महागात पडणार होती. जकातीसाठी बचत मांडताना लेक आकडे सांगत होती, आम्ही वहीत लिहीत होतो. ती म्हणाली, "एक लाख पाच हजार." आम्ही लिहिले १५,०००. चाळिसावा भाग काढला, ३७५ रुपये. लेकीने वहीत डोकावून विचारले, "लाखाचं घर कुठंय?" पाहतो तर काय, दशहजाराच्या घरातले शून्य गळले होते! बोलताना ते घर कुणी उच्चारतच नाही, म्हणून हातानेही ते सोडले. १,०५,००० ची जकात होते २,६२५. गरिबांच्या हक्काचे २,२५० रुपये एका न बोललेल्या शून्यापायी आमच्याकडेच राहणार होते.

आता हिशोबाच्या वहीत लेकीने घरे आखून दिली आहेत. प्रत्येकावर नाव, एककापासून दशलक्षापर्यंत. दशलक्षाचे घर आमच्याकडे रिकामेच असते. त्यातही ती न चुकता शून्य भरते.