हार्वे पेनिक यांची गोल्फ प्रशिक्षणपद्धती

हार्वे पेनिक (२३ ऑक्टोबर, १९०४ – २ एप्रिल, १९९५) हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील गोल्फ प्रशिक्षक होते. खेळाडूचे दोष एका वेळी एकच आणि तोही शक्य तितक्या लहान बदलाने दूर करावेत, हे त्यांच्या शिकवणीचे मुख्य सूत्र होय. टॉम काइट, बेन क्रेनशॉ, मिकी राइट, बेट्सी रॉल्स आणि कॅथी व्हिटवर्थ हे नामवंत खेळाडू त्यांच्याकडे शिकले.

== जीवन ==
पेनिक वयाच्या आठव्या वर्षी ऑस्टिन कंट्री क्लबमध्ये कॅडी म्हणून काम करू लागले. १९२३ मध्ये ते त्याच क्लबचे मुख्य व्यावसायिक झाले आणि १९७१ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी त्यांचा मुलगा टिन्सली याच्याकडे आली. १९३१ ते १९६३ या काळात ते टेक्सास विद्यापीठाच्या गोल्फ संघाचेही प्रशिक्षक होते. शिकवताना सुचलेल्या गोष्टी ते एका लाल वहीत टिपून ठेवत. ही वही अनेक दशके मुलाखेरीज कोणाला पाहायला मिळाली नव्हती. लेखक बड श्रेक यांच्या साहाय्याने तिचे पुस्तक झाले आणि १९९२ मध्ये ते 'हार्वे पेनिक्स लिटल रेड बुक' या नावाने प्रसिद्ध झाले. क्रीडाविषयक सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

== शिकवण्याची रीत ==
पेनिक सर्वांना एकच स्विंग शिकवत नसत. काइट आणि क्रेनशॉ हे दोघे एकाच गावात, एकाच क्लबमध्ये वाढले. तरी एकाचा धडा चालू असताना दुसऱ्याला ते तेथे थांबू देत नसत. एकासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्याने उचलला तर त्याचा चांगला फटका बिघडेल, अशी त्यांना धास्ती वाटे. उपायाच्या मात्रेविषयी ते ॲस्पिरिनचा दाखला देत: एक गोळी घ्यायला सांगितली असता विद्यार्थी अख्खी बाटली संपवतो. पकड किंचित उजवीकडे फिरवायला सांगावी, तर तो ती इतकी फिरवतो की स्लाइस जाऊन हुक येतो. बोलतानाही ते 'असे करू नकोस' म्हणण्याऐवजी काय करायचे तेवढेच सांगत.

== स्विंगमधील दोष ==
(पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांना लागू आहे.)

नवख्या खेळाडूंचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे स्लाइस, म्हणजेच चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणे. आघाताच्या क्षणी क्लबचा चेहरा क्लबच्या मार्गाच्या तुलनेत उजवीकडे उघडा राहिला की चेंडूला तिरकी फिरकी मिळते. पेनिक प्रथम पकड तपासत. पकड चुकीची असेल तर चांगला स्विंग उलट घातकच ठरतो, कारण चुकीच्या पकडीने चेंडू सरळ मारायचा तर स्विंगमध्ये दुसरी चूक मुद्दाम घालावी लागते. त्यामुळे पकड न सुधारता स्विंग सुधारणे म्हणजे दोन चुकांचा तोल मोडणे होय.

स्लाइसचे दुसरे कारण म्हणजे क्लब खाली आणताना खांद्यांनी सुरुवात करणे. त्यामुळे क्लब शरीरापासून दूर फेकला जातो आणि चेंडूवर बाहेरून आत येतो. यावर पेनिक एकच हालचाल शिकवत: भार डाव्या पायावर येत असतानाच उजवे कोपर शरीराजवळ खाली आणणे. वाचायला ही हालचाल क्षुल्लक वाटते; अंगवळणी पडायला मात्र ती कित्येक दिवस अतिशय संथ गतीने करावी लागते, आणि पेनिक ती तशीच करून घेत.

चेंडूच्या माथ्यावर किंवा त्याच्या मागे जमिनीवर क्लब बसणे हा आणखी एक नेहमीचा दोष. 'डोके वर उचलले गेले' हे त्याचे स्पष्टीकरण पेनिक यांना मान्य नव्हते. डोके वर येण्याआधीच चूक होऊन गेलेली असते, ही केवळ सबब आहे, असे ते मानत. सुधारणेसाठी ते चेंडू बाजूला ठेवून जमिनीत रोवलेली टी उडवायला लावत. लांब दांड्याच्या पात्याने दोन्ही बाजूंना झोका घेत तण कापण्याची क्रियाही त्यांना उत्तम सराव वाटे, कारण तण कापताना कोणी चेंडूचा विचार करत नाही.

== पटिंग ==
गोल्फ होलपासून मागे मागे शिकावा, असे पेनिक यांचे मत होते; म्हणून मुलांची सुरुवात ते ग्रीनवर करत. पटिंगमध्ये दिशेइतकेच महत्त्व वेगाला आहे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, तर चेंडूचा सुमारे ४३ मिलिमीटर असतो. वेगाने येणारा चेंडू बरोबर मध्यावरच आत जातो आणि कडेला लागला की उसळून बाहेर पडतो. होलपाशी वेग संपत आलेला चेंडू मात्र पुढून तसेच दोन्ही कडांवरूनही आत पडू शकतो. मनगटे मध्येच मोडून पटरचे टोक हातांच्या पुढे जाऊ देणे हा पटिंगचा मुख्य दोष आहे. त्यावर पेनिक यांचा उपाय असा: सरावाचे फटके मन लावून मारावेत आणि मग खरा फटका त्यांची नक्कल म्हणून मारावा.

== १९९५ ची मास्टर्स स्पर्धा ==
मार्च १९९५ मध्ये क्रेनशॉचे पटिंग बिघडले होते. आजारी पेनिक यांना तो भेटायला गेला असता त्यांनी अंथरुणावरूनच त्याला पटर आणायला लावून धडा दिला. सांगण्यात नवे काही नव्हते: सरावाचे दोन फटके, पटर हातांच्या पुढे न जाणे आणि स्वतःवर विश्वास. २ एप्रिल रोजी पेनिक यांचे निधन झाले. मास्टर्स सुरू होण्याच्या आदल्या दिवशी क्रेनशॉ आणि काइट यांनी ऑस्टिनला जाऊन त्यांच्या शवपेटीला खांदा दिला आणि ते ऑगस्टाला परतले. ४३ वर्षांच्या क्रेनशॉने ही स्पर्धा २७४ फटक्यांत, डेव्हिस लव्ह तिसरा याच्यापेक्षा एका फटक्याने जिंकली. चारही फेऱ्यांत एकाही होलवर त्याला तीन पट लागले नाहीत. शेवटचा पट आत जाताच तो हिरवळीवर ओणवा होऊन रडू लागला आणि त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन याने त्याला सावरले. लव्हचे वडीलही टेक्सास विद्यापीठात पेनिक यांच्याच हाताखाली खेळले होते.

२००२ मध्ये पेनिक यांचा वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर समावेश करण्यात आला.