हात्तिच्या, एवढंच?

कोडं सुटेपर्यंत डोकं खाजवायचं आणि उत्तर कळलं की म्हणायचं, ‘हात्तिच्या, एवढंच?’ आपण सगळेच असं करतो. पण पेटंटच्या दुनियेत याच ‘हात्तिच्या’वरून कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालतात. एखादी कल्पना नवी असली, तरी ती त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचण्यासारखी असेल, म्हणजे ‘ऑब्व्हियस’ असेल, तर पेटंट मिळत नाही. आता सहज म्हणजे किती सहज?

उदाहरण फोनमधलंच घेऊ. फाइव्ह जीसाठी भारतात २०२२च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा बँडही विकला गेला. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जेमतेम सेंटीमीटरभर लांबीच्या. मध्ये भिंत आली, अगदी आपला हात आला, तरी त्या अडखळतात. म्हणून टॉवर बल्बसारखा चौफेर उजेड पाडत नाही, टॉर्चसारखा झोत टाकतो. हाच तो ‘बीम’. पण फोन नेमका कुठल्या दिशेला आहे, हे टॉवरला कसं कळणार?

आईबाबांना विचारा. दूरदर्शनच्या काळात एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसरा खालून ओरडायचा, ‘आलं... गेलं... थोडं मागे... हां, तिथेच!’ फाइव्ह जीमध्ये साधारण हेच चालतं. टॉवर एकामागून एक बीम टाकतो, प्रत्येकाला नंबर असतो. या वरच्या बँडमध्ये असे ६४पर्यंत बीम असू शकतात. फोन सगळे मोजतो आणि कळवतो, ‘२३ नंबर झकास.’

खरी गंमत पुढे आहे. फोनलाही आपली अँटेना योग्य दिशेला ‘वळवायची’ असते. मग टॉवरने त्याला दिशा कशी सांगायची? ‘उत्तरेकडून ३० अंश’ म्हणून उपयोग नाही, कारण फोन तुमच्या हातात कसाही वाकडातिकडा धरलेला असतो. म्हणून टॉवर अंश सांगतच नाही. तो म्हणतो, ‘मघाशी तो अमुक सिग्नल ऐकलास ना? आताही तसाच कान लाव.’ त्यासाठी आधी ठरवून ठेवलेल्या ८ पर्यायांपैकी एकाचा नंबर, म्हणजे फक्त ३ बिट पुरतात.

आलं ना तोंडात? हात्तिच्या!

पण पेटंट तपासताना तुम्हाला-मला काय वाटतं, याला किंमत नाही. कायदा एक काल्पनिक माणूस उभा करतो. त्या विषयातला जाणकार, आधी प्रसिद्ध झालेलं सगळं माहीत असलेला, पण जीनियस नसलेला. आणि प्रश्न आजचा नसतो. अर्ज दाखल झाला त्या दिवसापर्यंत जे माहीत होतं, तेवढ्यावर त्याला हे सुचलं असतं का? आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यातही ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची अट आहे ती हीच.

समजा, एका जुन्या कागदात बीमना नंबर दिलेत आणि दुसऱ्यात छोटा नंबर पाठवून सेटिंग बदलण्याची युक्ती आहे. दोन्ही जोडण्याचं कारण त्या वेळच्या इंजिनीअरकडे होतं का? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००७मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात गाडीच्या अ‍ॅडजस्टेबल पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याची कल्पना ऑब्व्हियस ठरवली. साधा इंजिनीअर म्हणजे काही रोबो नव्हे, तोही दोन आणि दोन चार करतो, असा त्याचा सूर होता. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९७८मध्ये लेथवर भांडं धरून ठेवण्याच्या पद्धतीचं पेटंट मोडीत काढलं. जुन्याच साधनात वर्कशॉपमधल्या कुणालाही जमेल अशी ती सुधारणा होती.

मग सगळंच सोपं म्हणून उडवून लावायचं? तेही नाही. जोडणी करताना नवीच अडचण आली आणि ती वेगळ्या वाटेने सोडवली, किंवा जुने कागद उलट दिशेलाच बोट दाखवत होते, तर गोष्ट बदलते. पणाला लागतं ते मोठं आहे. स्टँडर्डमध्ये शिरलेल्या तंत्रावर पेटंट असेल, तर तो फोन बनवणारी प्रत्येक कंपनी पैसे मोजते, आणि पेटंटची मुदत २० वर्षं. फालतू कल्पनेला पेटंट मिळालं तर भुर्दंड शेवटी आपल्या खिशाला. आणि खरी कल्पना ‘हात्तिच्या’ म्हणून फेकली, तर मेहनत करणाऱ्याने पुढच्या वेळी कशाला झटायचं?

फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. व्हायवात ‘यात नवीन काय?’ असं विचारतात, तेव्हा फक्त चालणारं मॉडेल दाखवून भागत नाही. अडचण काय होती, आधी लोक काय करत होते, तुमचे कुठले प्रयत्न फसले आणि का, हे तारीख घालून वहीत लिहून ठेवा. आणि पेटंटचा विचार असेल, तर अर्ज करण्याआधी रील टाकू नका. तुमचीच पोस्ट उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते.

उत्तर सोपं दिसलं, तरी वाट सोपी नव्हती, हे त्या वहीतूनच दिसेल.