रोमन लोकांची प्रेक्षागारे

‘रोमन लोक खेळांचे शौकीन होते’ एवढे सांगून इतिहासाचा पाठ बहुधा पुढे सरकतो. परंतु त्या खेळांच्या जागा तीन प्रकारच्या होत्या व प्रत्येकीचा आकार तेथील खेळावरून ठरलेला होता, हे फळ्यावर तीन आकृत्या काढून सहज दाखविता येते.

नाट्यगृह अर्धवर्तुळाकार असे. कारण नट एकाच बाजूस उभे राहत. रथांच्या शर्यतींसाठी लांबट मैदान लागे, त्यास सर्कस म्हणत. (तंबूतील सर्कशीशी त्याचे नाते नावापुरतेच.) रोममधील ‘सर्कस मॅक्सिमस’ सुमारे ६०० मीटर लांब होती. तिसरा प्रकार अँफिथिएटर. ग्लॅडिएटर नावाच्या शस्त्रधाऱ्यांच्या व श्वापदांच्या झुंजी चोहोंकडून दिसाव्यात म्हणून ते लंबवर्तुळाकार बांधीत. हे ग्लॅडिएटर बहुतेक गुलाम, युद्धकैदी वा शिक्षा झालेले गुन्हेगार असत. वास्तूचे कौतुक सांगताना ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

एवढा समुदाय एके ठिकाणी बसविणे जोखमीचे होते. इ. स. २७ मध्ये रोमजवळील फिडेनी येथे अटिलियस नावाच्या एका मनुष्याने पैशाच्या लोभाने लाकडी अँफिथिएटर उभारले. पाया भक्कम जमिनीवर नव्हता, सांगाडाही नीट जखडलेला नव्हता. प्रेक्षकांनी भरताच ते कोसळले. मृत व जखमी मिळून टॅसिटस हा इतिहासकार ५०,००० चा आकडा देतो. तो फुगविलेला मानला तरी अनर्थ मोठाच. अटिलियस हद्दपार झाला. जमिनीची भक्कमता पारखल्यावाचून अँफिथिएटर बांधू नये व ४ लाख सेस्टर्सहून कमी मत्ता असलेल्याने असे खेळ करू नयेत, असे सीनेटने ठरविले.

सम्राट व्हेस्पेसियनने आरंभिलेले व इ. स. ८० मध्ये टायटसने खुले केलेले कलोसियम याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. लांबी १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर. तळमजल्यावर ८० कमानी, त्यांपैकी ७६ वर क्रमांक कोरलेले. प्रत्येकाने आपल्या कमानीतून शिरावे, ठरलेल्या जिन्याने चढावे व त्याच वाटेने बाहेर पडावे, अशी योजना होती. पुढील आसने सीनेटरांची. स्त्रिया व गरीब अगदी वर.

त्यांतील काही क्रमांक आजही वाचता येतात. रोमन अंक शिकविताना ते उपयोगी पडतील. मात्र तेथे चार हा अंक पाचाच्या आधी एक लिहून दाखविलेला नाही, चार उभ्या रेघाच आहेत.