सातबारा अब्जावधी रेणूंचा

औषधाचं पेटंट म्हणजे एका गोळीचा सातबारा, असं बहुतेकांना वाटतं. पण हा उतारा गोळीचा नसतो, शब्दांचा असतो. शब्द सैल सोडले की बांध थेट शेजाऱ्याच्या रानात सरकतो.

आयडेनिक्स या अमेरिकी कंपनीच्या पेटंटचं हेच झालं. हेपटायटिस सीवरचा उपचार म्हणून तिने न्यूक्लिओसाइड रेणूंच्या एका अख्ख्या कुळावर दावा सांगितला. मुख्य अट एवढीच की, रेणूतल्या साखरेच्या कड्यात दुसऱ्या कार्बनला वरच्या अंगाने मिथाइल गट हवा. बाकी जागा बऱ्याचशा मोकळ्या. गणित मांडलं तर असे रेणू अब्जावधी भरतात. गिलियड कंपनीच्या सोफोस्बुव्हिर या हेपटायटिस सीवरच्या औषधात त्याच कार्बनला वर मिथाइल आहे आणि खाली फ्लोरिन. आयडेनिक्सने खालच्या जागेसाठी दिलेल्या पर्यायांत फ्लोरिन नव्हताच!

तरीही डिसेंबर 2016 मध्ये डेलावेअरमधल्या ज्यूरीने पेटंटभंगापोटी गिलियडला 2.54 अब्ज डॉलर भरायला सांगितले. ज्यूरी बोलली की विषय संपला, हाही गैरसमजच. 2018 मध्ये त्याच कोर्टाच्या न्यायाधीशांनी पेटंट अवैध ठरवलं, आणि 2019 मध्ये वरच्या कोर्टाने, फेडरल सर्किटने, ते दोन विरुद्ध एक मतांनी कायम केलं.

मग दावा फार व्यापक होता म्हणून पेटंट पडलं का? अगदी तसं नाही. व्यापक दाव्याला बंदी नाही. जेवढं मागाल तेवढं शिकवा, एवढंच कायद्याचं म्हणणं. पेटंटात काही रेणूंची उदाहरणं होती. पण उदाहरणांपलीकडचा कुठला रेणू विषाणूला रोखेल आणि कुठला नाही, हे ओळखायची खूण नव्हती. म्हणजे वाचणाऱ्या रसायनतज्ज्ञाने एकेक रेणू बनवायचा, तपासायचा, फसला की पुढचा घ्यायचा. हे शिकवणं नव्हे, उमेदवारीवर राबवून घेणं झालं. मला निकाल पटतो.

‘औषध पुढे लागू पडलं, म्हणजे दावा खराच होता ना?’ हा युक्तिवादही चालत नाही. अर्ज भरला त्या दिवशी कागदावर काय होतं, तेच बघतात. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतलं नंतरचं यश मागून चिकटवता येत नाही.

आणि पेटंट पडलं म्हणून औषध स्वस्त झालं, असंही नाही. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत सोफोस्बुव्हिर आलं तेव्हा 12 आठवड्यांच्या 84 गोळ्यांची छापील किंमत 84,000 डॉलर होती. गिलियडची स्वतःची पेटंटं शाबूतच राहिली. भांडण होतं ते त्या पैशांतला वाटा कुणाचा, यावर. आपल्याकडे ही गोळी स्वस्तात मिळू लागली ती गिलियडने 2014 मध्ये भारतीय कंपन्यांना दिलेल्या परवान्यांमुळे.