सिड ते स्टेबल : एका पॅकेजची वाट

डेबियन या लिनक्स वितरणात बदललेलं पॅकेज लगेच सगळ्यांच्या संगणकावर जात नाही. ते आधी 'अनस्टेबल' शाखेत येतं. तिचं टोपणनाव सिड, म्हणजे 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा मुलगा. तिथून 'टेस्टिंग' शाखेत जायला सहसा ५ दिवस थांबावं लागतं. बदल तातडीचा असेल तर २, घाई नसेल तर १०. पुढे सोडायचं की नाही, हे 'ब्रिटनी' नावाचा प्रोग्राम ठरवतो. नव्या आवृत्तीत नवा गंभीर दोष निघाला, तिच्यावर अवलंबून असलेलं पॅकेज मोडलं किंवा आधी पास होणारी स्वयंचलित चाचणी नापास झाली, की पॅकेज अडतं. देखभालकर्त्याने स्वतःच्या संगणकावर बिल्ड केलेली बायनरीही पुढे जात नाही. ती डेबियनच्या यंत्रांवरच तयार व्हावी लागते. विश्वासाच्या दृष्टीने हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तरीही माणसाची नजर हवीच. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट (बॅकडोअर) सापडली. ती टेस्टिंगपर्यंत पोचली होती, सर्वसाधारण वापरासाठीच्या 'स्टेबल' शाखेत मात्र नव्हती. ती पकडली अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. सिडवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं आणि त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला. चोरवाट बिल्डमध्ये घुसवणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सार्वजनिक भांडारात, नव्हताच; तो फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या संकलित फाइलमध्ये, होता. नुसते गिटमधले बदल वाचणाऱ्या परीक्षकाला तो दिसलाच नसता.