बाण सरळ असला की झाले?

खराट्याचा हीर आणि बांबूची कामटी यांच्यावर ज्याचे बालपण गेले, त्याला बाण कसा करतात हे वेगळे शिकायची गरज वाटत नाही. काडी सरळ हवी, टोक अणकुचीदार हवे आणि मागे पिसे असली तर शोभा. हीच समजूत घेऊन मी चाळिशीत पारंपरिक धनुर्विद्येकडे वळलो आणि हार्डवेअरच्या दुकानातून गोल काठ्या आणून पहिला डझन केला. वीस पावलांवरून मारल्यावर आठ बाण डावीकडे गेले, तीन उजवीकडे आणि एक मधोमध लागला. मधोमध लागला तो चुकून, हे कळायला मला आणखी सहा महिने लागले.

बाण ताठ असतो आणि ताठच उडतो, या समजुतीपासूनच सुरुवात करू. साध्या लाकडी धनुष्याची मूठ दोरीच्या नेमकी समोर असते. बाण त्या मुठीच्या आरपार जाऊ शकत नाही, तो तिच्या बाजूला टेकतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डावीकडे असतो, म्हणजे सोडण्याच्या क्षणी तो जरासा डावीकडेच रोखलेला असतो. तरीही तो लक्ष्यावर लागतो. या कोड्याला अमेरिकी धनुर्धर रॉबर्ट एल्मर यांनी ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ असे नाव दिले आणि १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याचे उत्तर टिपले. दोरी मागून ढकलते, टोक जडत्वामुळे मागे रेंगाळते आणि मधली काडी वाकते. बाण मासळीसारखा सळसळत मुठीला वळसा घालतो, शेपूट मुठीला न घासता निसटते आणि थरथर हळूहळू शमते. काडी फार ताठ असली तर हा वळसा पुरा होत नाही आणि बाण डावीकडे जातो. फार लवचीक असली तर उजवीकडे. (डावखुऱ्यांनी उलट वाचावे.) माझ्या आठ आणि तीन बाणांचा हिशेब एवढाच होता. माझा नेम वाईट होता हे खरे, पण त्या दिवशी दोष नेमाचा नव्हता.

म्हणून प्रश्न ‘काडी सरळ आहे का’ एवढाच नसतो. ‘ती माझ्या धनुष्याला हवी तेवढीच वाकते का आणि डझनातल्या बाकीच्या तेवढ्याच वाकतात का’ हा खरा प्रश्न. या ताठपणाला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात आणि तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. फळीवर २६ इंच अंतरावर दोन खिळे ठोका, त्यांवर काडी आडवी ठेवा आणि मधोमध २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली काट्यावर मोजून भरली की वजन तयार. काडी किती मिलिमीटर खाली झुकली ते पाहा आणि ६६० ला त्या आकड्याने भागा. २२ मिमी झुकली तर ती ३० पौंडांच्या (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या) धनुष्याची, साडेसोळा मिमी झुकली तर ४० पौंडांची. हा आकडा २८ इंची बाणासाठी धरलेला असतो. बाण इंचभर लांब ठेवला की तो साधारण ५ पौंडांनी मऊ वागतो आणि टोक जड लावले तरी तसेच होते. मोजताना वाढीच्या वलयांच्या कडा ज्या बाजूला दिसतात ती बाजू वर ठेवावी, कारण काडी त्या दिशेने जास्त ताठ असते. पुढे खाच पाडतानाही हीच बाजू धनुष्याकडे यायला हवी, म्हणजे दोरीची खाच वलयांना काटकोनात पडते. ती वलयांच्या दिशेने पाडली तर दोरी पाचरीसारखी आत घुसून काडी उभी चिरते.

‘थोडे घासले तर काय बिघडते?’ बरेच. गोल काडीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. ८ मिमीची काडी पॉलिश पेपरने साडेसात मिमी केली की जवळपास पाव ताठपणा गेला. ५/१६ इंच आणि ११/३२ इंच हे काड्यांचे दोन प्रचलित व्यास आहेत. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण लाकूड तेच असेल तर जाड काडी जवळजवळ दीडपट ताठ भरते. याचा फायदाही होतो. फार ताठ निघालेली काडी मोजत मोजत, हलक्या हाताने घासून रांगेत आणता येते. मऊ निघालेलीला मात्र उपाय नाही, ती हलक्या धनुष्यासाठी बाजूला ठेवायची.

लाकडाबद्दल आपल्याकडे एक खास समज आहे: चांगले म्हणजे सागवान, त्याहून चांगले म्हणजे शिसव. कपाटासाठी ठीक आहे. बाणाला हवे असते हलके, सरळ रेषांचे आणि वाकून परत येणारे लाकूड. अमेरिकेत शंभरेक वर्षे काड्यांसाठी नावाजले गेलेले पोर्ट ऑरफर्ड सीडर हे ओरेगॉनच्या किनाऱ्याकडचे मऊ, सुगंधी सूचिपर्णी लाकूड आहे. १५४५ साली बुडालेले आणि १९८२ साली वर काढलेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रज जहाज हजारो बाण घेऊन बुडाले होते. त्यांतले बहुतेक पॉपलरचे निघाले, म्हणजे आपण प्लायवूडमध्ये वापरतो त्या जातीचे, आणि ते मारायची धनुष्ये होती १०० पौंडांच्या वरची. त्याच्याही मागे, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आल्प्समध्ये मेलेल्या आणि १९९१ साली सापडलेल्या ‘ओत्झी’च्या भात्यात १४ बाण होते. तासलेल्या फळीचे नव्हेत, तर व्हायबर्नम नावाच्या झुडपाच्या सरळ फुटव्यांचे. चौदांपैकी पुरे झालेले फक्त दोन. जपानात बाणांसाठी जो बारीक बांबू वापरतात त्याच्या ‘याडाके’ या नावातच बाण आहे आणि आपल्या ‘शर’ शब्दाचा एक अर्थ बाण, तर दुसरा ताठ देठाचे उंच गवत. निसर्गाने ज्याच्या रेषा सरळ ठेवल्या ते निवडणे, एवढेच या सगळ्यांनी केले.

इथेच दुकानातल्या काठ्यांचा धोका कळतो. फर्निचरच्या सांध्यांसाठी केलेली गोल काठी फळीतून कापताना रेषा कुठे जातात हे कोणी पाहत नाही. काठी बाहेरून अगदी सरळ दिसते, पण आतल्या रेषा तिरप्या जाऊन कडेला संपतात. दोरीचा धक्का बसला की काठी त्या तिरप्या रेषेवर सुईसारखी फाटते आणि टोकदार तुकडा सरळ धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. मी आणलेल्या पंचवीस काठ्यांपैकी नीट पाहिल्यावर नऊ ठेवण्याजोग्या निघाल्या. दुकानदाराने एकेक निवडू दिली तर उजेडात फिरवून पाहा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला हव्यात आणि गाठ कुठेही नको. मग दोन्ही टोके धरून, तोंड वळवून, चारी बाजूंनी वाकवा. मोडायचीच असेल तर तेव्हाच मोडू दे.

‘लाकडी बाण पावसाळ्यात वाकतात, म्हणून निरुपयोगी’ ही तक्रार कोकणातला माणूस जरा जास्तच करतो. वाकतात खरे. पण कार्बनचा बाण एकतर सरळ असतो किंवा मोडलेला, लाकडाचा मात्र पुन्हा सरळ करता येतो. एक डोळा मिटून काडीच्या लांबीने बघायचे, बाक सापडला की ती जागा हात सोसेल एवढी शेकायची आणि तळव्याच्या टाचेने उलट दाबून गार होईपर्यंत धरायची. नंतर चपडा लाखेचे किंवा व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत आणि खाचेच्या व टोकाच्या उघड्या भागांना विसरू नये, पाणी तिथूनच शिरते.

हलका बाण लांब जातो हे बरोबर, म्हणून तो चांगला हे चूक. बाण उचलून नेत नाही ती ऊर्जा धनुष्याच्या पात्यांतच राहते. रिकामी दोरी सोडल्यावर धनुष्य तडकते ते यामुळेच, आणि फार हलका बाण म्हणजे अर्धी रिकामी दोरी. बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. धनुष्याच्या दर पौंडामागे ८ ते १० ग्रेन धरावे. ४० पौंडांच्या धनुष्याला ३२० ते ४०० ग्रेन, म्हणजे साधारण २१ ते २६ ग्रॅमचा बाण झाला. सोनाराचा काटा असलेला शेजारी इथे उपयोगी पडतो.

पिसे शोभेची नसतात. ती मागचा भाग हवेत अडवून धरतात, त्यामुळे बाण लवकर सावरतो. प्लॅस्टिकची पाती लाकडी धनुष्याच्या मुठीवर आपटून बाण उडवतात, पीस मात्र दबून निघून जाते. एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत, कारण डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलट असतो. महाभारतात गिधाडाच्या पिसांचे बाण येतात म्हणून कोणी ती शोधायला जाऊ नये. गिधाड आज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळीव टर्कीची किंवा हंसाची पिसे उत्तम. त्याच १९७२च्या कायद्याने शिकारीलाही बंदी आहे, तेव्हा आपला बाण गवताच्या भाऱ्यासाठीच.

घरी केलेला बाण स्वस्त पडतो का? पहिला डझन नाही, तिसरा कदाचित.

राहिला मोडका बाण. ‘सरस लावला की होतो नवा’ असे सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. टोकाशी तुटलेला बाण कापून आखूड करता येतो. मधे तडा गेलेला नाही, मग तडा केसाएवढा का असेना. दगडावर आपटलेला किंवा दुसऱ्या बाणाला घासलेला प्रत्येक बाण मी पुन्हा लावण्याआधी कानाशी धरून वाकवतो. करकर ऐकू आली की गुडघ्यावर ठेवून त्याचे दोन तुकडे करतो आणि टोक तेवढे काढून घेतो, नाहीतर माझ्यामागे कोणीतरी तो उचलून चिकटवायला घेईल.