आधी मुंग्या, मग सरडा

टेक्सासमधल्या ईस्टलँड गावात १८९७ साली न्यायालयाच्या कोनशिलेत एक शिंगवाला सरडा बंद केला आणि १९२८ साली इमारत पाडताना तो जिवंत निघाला, अशी कथा आहे. ‘ओल्ड रिप’ या नावानं तो अमेरिकाभर गाजला, अध्यक्ष कूलिज यांच्यासमोरही त्याला नेलं गेलं. एकतीस वर्षं उपाशी जगणारा सरडा ही थापच म्हणायची. पण या प्राण्याला फारसं काही लागत नाही, हा समज टिकून राहिला. विसाव्या शतकात हजारो शिंगवाले सरडे टेक्सासमधून पाळण्यासाठी बाहेर गेले. १९६७ साली राज्यानं त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं. प्रत्यक्षात इतका लहान आणि सांभाळायला इतका अवघड सरडा क्वचितच सापडेल.

अडचण पोटाची आहे. टेक्सासच्या शिंगवाल्या सरड्याचं मुख्य अन्न म्हणजे बिया गोळा करणाऱ्या हार्वेस्टर मुंग्या. मुंगीच्या अंगात न पचणाऱ्या कवचाचाच भाग मोठा, त्यामुळे त्या ढिगानं खाव्या लागतात. त्यासाठी जठर मोठं लागतं, आणि भाकरीसारखं चपटं, रुंद, पळायला निरुपयोगी शरीर हे त्या जठराचंच ओझं. या मुंग्यांचा दंश जबर असतो. सरडा त्यांना चिकट स्रावात गुंडाळून गिळतो आणि त्याच्या रक्तात त्या विषावर उताराही असतो. इतकी तयारी एकाच भक्ष्यासाठी केलेल्या प्राण्याला दुसरं काही चालवून घेता येईल का? कॅलिफोर्नियात याच कुळातल्या एका जातीची पिल्लं परक्या अर्जेंटिनी मुंग्यांवर ठेवून पाहिली, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. म्हणजे वाटेल ती मुंगी चालत नाही. तापलेला कोपरा, अतिनील दिवा, अंग पुरून घेण्याइतकी वाळू, पाठीवर पाण्याचा फवारा (खवल्यांमधल्या बारीक खाचांतून ते पाणी तोंडापर्यंत पोहोचतं) हे सगळं विकत मिळतं. योग्य मुंग्यांचा वर्षभराचा पुरवठा मात्र सहज जमत नाही.

कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे द्या, असा सल्ला हमखास मिळतो. जोड म्हणून ते ठीक. पण नुसत्या रातकिड्यांवर हे सरडे सहसा फार काळ टिकत नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे: फोर्ट वर्थ आणि सॅन अँटोनियोची प्राणिसंग्रहालयं त्यांची पैदास करतातच ना? करतात, पण तिथे तज्ज्ञ असतात आणि पिल्लं रानात सोडायची असतात. दिवाणखान्यातल्या काचपेटीला त्या कामाचा दाखला देता येत नाही. सरडाच पाळायची हौस असेल, तर पिंजऱ्यातच जन्मलेला ऑस्ट्रेलियन ‘बिअर्डेड ड्रॅगन’ कितीतरी सोपा. टेक्सासमध्ये घर असलेल्या मराठी वाचकांना मात्र एक विनंती: अंगणात गवत नसलेला गोल पट्टा आणि मधोमध मुंग्यांचं बीळ दिसलं, तर त्यावर औषध मारू नका. त्या बहुधा हार्वेस्टर मुंग्या असतात. आग होईल असं चावणाऱ्या परक्या ‘फायर अँट’ भुसभुशीत मातीचा ढीग करतात, आणि त्याला वर तोंड दिसत नाही.